न बसणारा प्लग



गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. दुपारचे चार वाजले होते. परभणीचा मे महिना म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. अशा उन्हात माझी एक जुनी विद्यार्थिनी आणि तिची आई घरी आल्या. मुलगी बारावीपर्यंत माझ्याकडे भौतिकी शिकलेली. पुढे तिने इथल्याच कृषी विद्यापीठातून पदवी घेतली आणि आता वरच्या शिक्षणासाठी ती अमेरिकेला निघाली होती. पेढे झाले, पाणी झाले, आणि मग आईंनी पिशवीतून एक कोरा करकरीत मिक्सर काढून माझ्यापुढे ठेवला.

“सर, एवढी पिन बदलून द्या. तिकडं आपली पिन भोकात बसत नाही म्हणतात.”

मी मिक्सर उलटा करून पाहिला आणि म्हणालो, “ताई, पिन बदलायला पाच मिनिटं लागतील. पण मी ती बदलणार नाही.”

ताई जरा नाराज झाल्या. हसतच म्हणाल्या, “एवढे एम.एस्सी. झालेले सर, अन् एक पिन बदलता येईना होय!”

त्यांचा टोमणा मला लागला नाही. पिन मला चांगली बदलता येते. पण ती बदलता येत होती म्हणूनच एकदा मी आमचे घर पेटवण्याच्या बेतात आलो होतो. ती हकीकत मी त्या मायलेकींना सांगितली. आज तुम्हालाही सांगतो.

एका इस्त्रीची गोष्ट

सन १९९७. मी बारावीत होतो. आमचे एक नातेवाईक अमेरिकेहून सुट्टीवर आले आणि त्यांनी वडिलांना एक झकास इस्त्री भेट दिली. तिच्या वायरीला दोन चपट्या पात्यांचा प्लग होता. तो आमच्या सॉकेटमध्ये जाईना. दहावीला ओहमच्या नियमावरच्या प्रश्नात मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते, तेव्हा घरातला वीजतज्ज्ञ मीच! तो परका प्लग मी कापून टाकला. बाजारातून आपला प्लग आणला, तारा नीट सोलल्या, स्क्रू घट्ट आवळले. काम इतके सुबक झाले की वडिलांनी पाठ थोपटली. मग त्यांचा पांढरा सदरा टेबलावर पसरून मी बटण दाबले.

इस्त्री पाहता पाहता तापली. मी खूश! मग कसलासा वास आला. मग सॉकेटमधून चर्र असा आवाज आणि इस्त्रीच्या मुठीखालून धूर. खरे म्हणजे फ्यूज जायला हवा होता. पण आमच्या फ्यूजमध्ये कोणीतरी केव्हातरी फ्यूजच्या तारेऐवजी जाड तांब्याची तार बांधून ठेवली होती. ती कशाला वितळते? आईने धावत जाऊन मेन स्विच बंद केला म्हणून निभावले. सदरा जळाला, इस्त्री गेली, सॉकेट वितळले. वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “तिच्यावर काही लिहिलं होतं का रे?”

लिहिले होते. इस्त्रीच्या मागच्या बाजूला एक छोटी पाटी होती. तिच्यावर स्पष्ट छापले होते : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १००० वॅट. प्लग बदलण्याच्या उत्साहात मी ती पाटी वाचलीच नव्हती.

आता जरा गणित करू. शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध, हे सूत्र तुम्हाला माहीत आहे. १२० चा वर्ग १४४००. त्याला १००० ने भागले की इस्त्रीच्या तारेचा रोध निघतो १४.४ ओहम. आपल्या घरात विजेचा दाब २३० व्होल्ट. २३० चा वर्ग ५२९००. त्याला १४.४ ने भागा. उत्तर येते सुमारे ३६७० वॅट! दाब दुपटीहून थोडा कमी वाढला, पण शक्ती जवळजवळ पावणेचार पटीने वाढली, कारण सूत्रात दाबाचा वर्ग आहे. प्रवाहही सुमारे १६ अँपिअर झाला. आमचे सॉकेट होते ५ अँपिअरचे. ते वितळले यात नवल काय? ओहमचा नियम मला पाठ होता. तो माझ्या हातातल्या इस्त्रीलाही लागू आहे, हे मात्र मला सुचले नव्हते.

पाटी काय सांगते?

म्हणून माझे पहिले म्हणणे असे : विजेचे कोणतेही उपकरण परदेशात न्यायचे असो की परदेशातून आणायचे असो, आधी पाटी वाचा आणि मगच प्लगकडे पाहा. पाटीवर तीन गोष्टी असतात.

पहिली गोष्ट दाब. भारतात तो २३० व्होल्ट आहे, ब्रिटन आणि युरोपातही २३० आहे. अमेरिकेत १२० व्होल्ट, तर जपानमध्ये फक्त १००. हा फरक का पडला? एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये वीजपुरवठा सुरू केला तो ११० व्होल्टच्या आसपास, कारण त्याचे कार्बनच्या तंतूचे दिवे तेवढ्या दाबाला नीट चालत. अमेरिकेने तोच पायंडा पुढे चालवला. युरोपात नंतर अधिक दाबाला टिकणारे दिवे आले, तेव्हा तिथल्या शहरांनी दाब दुप्पट केला. दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह निम्मा पुरतो आणि त्याच तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती चौथाई होते. तांबे वाचते. आपल्याकडे वीज ब्रिटिश अमदानीत आली, म्हणून आपण या दुसऱ्या गटात आहोत.

आता मायलेकींचा मिक्सर पाहा. त्याच्या पाटीवर होते २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ५०० वॅट. त्याला अमेरिकन प्लग लावला असता तर आमच्या इस्त्रीसारखा भडका उडाला नसता. इथे प्रकार उलटा आहे. आपली १००० वॅटची इस्त्री अमेरिकेत लावली तर तिची शक्ती जेमतेम २७० वॅट भरेल आणि सुती कपड्याची घडीसुद्धा बसणार नाही. मिक्सरची मोटर म्हणजे नुसता रोध नव्हे, म्हणून तिला हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. पण ती मंद फिरेल एवढे नक्की. भांड्यात खोबरे-लसूण घातले की ती अडेल. अडलेल्या मोटरमधून प्रवाह वाहतच राहतो, तिला गार ठेवणारा पंखा मात्र थांबलेला असतो. थोड्या दिवसांत मोटर जळायची.

दुसरी गोष्ट वारंवारता. आपली वीज एका सेकंदात ५० वेळा पूर्ण हेलकावा घेते, अमेरिकेतली ६० वेळा. जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणावरचे जनित्र आणि तमिळनाडूतले जनित्र आज एकाच ठेक्यात फिरतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले आणि साऱ्या भारताचा ठेका एक झाला. जपानचे तसे नाही. तिथे १८९५ च्या सुमारास टोकियोने जर्मन जनित्रे आणली ती ५० हर्ट्झची, ओसाकाने अमेरिकन आणली ती ६० हर्ट्झची. आजही जपानचा पूर्व भाग ५० वर आणि पश्चिम भाग ६० वर चालतो. मार्च २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडे विजेची टंचाई झाली, तेव्हा पश्चिमेकडून फार थोडी वीज पाठवता आली. शंभर वर्षांपूर्वीची खरेदी अशी आड आली.

घरातल्या उपकरणांत वारंवारतेचा परिणाम कुठे दिसतो? विजेच्या हेलकाव्यांवर चालणारी जुनी भिंतीवरची घड्याळे असत. ६० हर्ट्झसाठी बनवलेले असे घड्याळ इथे लावले तर ते दर तासाला १० मिनिटे मागे पडेल. दिवसभरात किती, ते तुम्हीच काढा. पंखा, फ्रीज यांसारख्या ज्या यंत्रांत प्रेरण मोटर असते, त्यांचा वेगही वारंवारतेवर ठरतो. ट्रान्सफॉर्मर घेऊन दाब बदलता येतो, पण त्याने वारंवारता बदलत नाही, हे ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट शक्ती, म्हणजे वॅट. वॅटला व्होल्टने भागले की प्रवाह कळतो, आणि प्रवाह कळला की वायर किती जाड हवी, सॉकेट कोणते हवे, हे ठरते.

मोबाइल किंवा लॅपटॉपच्या चार्जरची पाटी वाचा. तिच्यावर बहुधा असे असते : १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. हा खरा जगप्रवासी! आतले इलेक्ट्रॉनिक मंडल मिळेल तो दाब घेऊन आपल्याला हवा तो तयार करते. याला मात्र नुसती पिन बदलून चालते. म्हणजे “प्लग बदलला तर चालेल का?” या प्रश्नाचे उत्तर कधी होय, कधी नाही. ते प्लगवर लिहिलेले नसते, पाटीवर असते.

वेगवेगळे प्लग ही चूक की सोय?

तुमच्यातले काही जण म्हणतील, “सर, जगभर एकच प्लग केला तर ही सगळी कटकट मिटेल!” पुष्कळ मोठी माणसेही असे म्हणतात. मला ते अर्धेच पटते.

एकच प्लग करण्याचा प्रयत्न झालेला आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तंत्र आयोगाने १९८६ साली साऱ्या जगासाठी एका प्लगचा नमुना ठरवला. तो स्वीकारणाऱ्या थोड्या देशांत ब्राझील आहे. पण ब्राझीलमध्ये काही भागांत १२७ व्होल्ट आणि काही भागांत २२० व्होल्ट वीज आहे! सॉकेटचा आकार एक, दाब दोन. एका गावातले उपकरण दुसऱ्या गावात सहज बसते आणि सहज जळते. म्हणजे आकार एक केला तरी पाटी वाचणे सुटत नाहीच.

उलट आमची इस्त्री आठवा. तिचा प्लग आमच्या सॉकेटमध्ये जात नव्हता. मी तो अडथळा समजलो. खरे तर तो पहारेकरी होता. “थांब, हे घर माझे नाही,” असे तो सांगत होता, आणि मी त्या पहारेकऱ्यालाच कात्रीने कापले! आज हे काम आणखी सोपे झाले आहे. बाजारात थोड्या पैशांत अडॅप्टर मिळतो. काही दुकानदार त्याला कन्व्हर्टर म्हणतात. नाव ऐकून वाटते की हा विजेत काहीतरी बदल करत असेल. साधा अडॅप्टर विजेत काहीही बदल करत नाही. इकडच्या पात्यांना तिकडच्या पिना जोडतो, एवढेच.

पण मी दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रत्येक न बसणारा प्लग धोक्याचाच इशारा देतो असे नाही. आपल्या घरातला गोल पिनांचा प्लग मूळचा ब्रिटनचा आहे. तिथल्या १९३४ च्या मानकातला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला लाखो घरे नव्याने बांधायची होती आणि तांब्याची टंचाई होती. म्हणून त्यांनी घरातल्या साऱ्या सॉकेटांना एकाच कड्यासारख्या फिरणाऱ्या तारेने जोडण्याची पद्धत काढली आणि १९४७ साली त्यासाठी चपट्या तीन पिनांचा नवा प्लग ठरवला. त्या कड्याला ३० अँपिअरचा फ्यूज असे. तेवढा प्रवाह टेबलावरच्या दिव्याची बारीक वायर जाळून टाकील, म्हणून प्लगच्या पोटातच एक छोटा फ्यूज बसवला. ब्रिटनने जुने गोल प्लग हळूहळू सोडले, आपण ते ठेवले. पुढे आपल्या मानकांत ५ आणि १५ अँपिअरच्या जागी ६ आणि १६ आले, पण घराणे तेच.

त्यामुळे परभणीचा कोणी ब्रिटनला, दुबईला किंवा कुवेतला निघाला तर त्याला तिथे चपट्या तीन पिनांचे सॉकेट भेटेल, पण दाब आपल्यासारखा आणि वारंवारताही ५० हर्ट्झ. आपला ५०० वॅटचा मिक्सर तिथे नुसता प्लग बदलून चालेल. ५०० भागिले २३० म्हणजे २.२ अँपिअर. तेव्हा प्लगमध्ये १३ ऐवजी ३ अँपिअरचा फ्यूज घालायचा. शेजारच्या सौदी अरेबियात मात्र वारंवारता ६० हर्ट्झ, आणि पुष्कळ जुन्या घरांत १२७ व्होल्टही असे. आखात म्हटले की सगळीकडे सारखेच, असे समजायचे कारण नाही. तिथेही पाटी वाचावीच लागते.

रंगांची गफलत

पाटी जुळली, प्लग बदलायचा ठरला, तरी एक खड्डा आहे. तारांचे रंग.

आपल्या जुन्या वायरींत लाल तार फेजची, म्हणजे विद्युतयुक्त. काळी न्यूट्रलची, म्हणजे तटस्थ. आणि हिरवी अर्थिंगची, म्हणजे भूसंपर्काची. युरोपाने १९७० च्या सुमारास सर्वांसाठी नवे रंग ठरवले : तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी पट्ट्यांची अर्थिंग. आज आपल्या बहुतेक नव्या उपकरणांच्या वायरीतही हेच रंग दिसतात. अमेरिकेत मात्र काळी तार फेजची आणि पांढरी न्यूट्रलची! आपल्या सवयीने काळीला न्यूट्रल समजून जोडले की फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली. उपकरण तरीही चालेल, म्हणून चूक कळणार नाही. पण त्याचे बटण बंद केल्यावरही आतल्या भागांत वीज राहील. म्हणून रंगावरून अंदाज बांधायचा नाही. प्लगच्या आत पेचाशेजारी एल, एन, ई ही इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. एल म्हणजे फेज, एन म्हणजे न्यूट्रल, ई म्हणजे अर्थिंग. तार कोणत्या देशाची आहे ते पाहून, रंग आणि अक्षर यांचा मेळ घालूनच ती जोडायची.

तिसरी पिन

आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते त्याकडे वळतो. पिन बदलण्याची गोष्ट निघाली तेव्हा मी त्या ताईंना सहज विचारले, “घरी कूलर आहे ना? त्याला किती पिनांचा प्लग आहे?”

त्या म्हणाल्या, “पिनच नाही सर. तुटली होती. ह्यांनी तारा सोलून भोकात घातल्या अन् काड्यापेटीच्या काड्या खोचल्या. दोन वर्षं झाली, चालतोय चांगला.”

मी विचारले, “आणि तिसरी तार? हिरवी?”

त्या मुलीकडे पाहू लागल्या. मुलगी हळूच म्हणाली, “ती कापलीय सर. तिचं काही काम नाही म्हणून.”

बघा, सात समुद्रांपलीकडच्या प्लगची आपण काळजी करतो आणि घरातल्या प्लगकडे पाहतसुद्धा नाही! मित्रांनो, “तिसरी पिन लांब आणि जाड का असते?” हा प्रश्न तुम्ही परीक्षेला सोडवला असेल. लांब, म्हणजे प्लग घालताना भूसंपर्क सर्वांआधी जोडला जातो आणि काढताना सर्वांत शेवटी तुटतो. जाड, म्हणजे ती चुकून दुसऱ्या भोकात जात नाही. उत्तर बरोबर, गुण दोन. पण घरच्या कूलरला ती पिन आहे का, हे त्या दोन गुणांत कोणी विचारत नाही.

कूलरचे अंग पत्र्याचे. आत पाणी, पाण्यात पंप. पंपाच्या तारेचे आवरण कुजले की पत्रा विद्युतयुक्त होतो. हिरवी तार जोडलेली असेल तर प्रवाहाला जमिनीत जायला सोपी वाट मिळते. तिचा रोध कमी, म्हणून मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज किंवा एमसीबी पडतो. दिवे जातात, माणूस वाचतो. हिरवी तार कापलेली असेल तर पत्रा तसाच वाट पाहत राहतो, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून पाणी भरणारा कोणीतरी त्याला हात लावतो. ओल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरा. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडायला याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो. म्हणून तर आरसीसीबी नावाचे जे संरक्षक बटण घरात बसवतात, ते ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडते. कूलरच्या शॉकने माणूस गेल्याच्या बातम्या आपल्या मराठवाड्यात आणि विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. त्या वाचून आपण हळहळतो आणि पान उलटतो.

हिरवी तार जोडली तरी तिचे दुसरे टोक खरोखर जमिनीत गेले आहे का, हेही पाहायला हवे. आपल्या भागातली काळी माती ओली असताना विजेला चांगली वाट देते. उन्हाळ्यात मात्र ती सुकते, आकसते, तिला भेगा पडतात आणि अर्थिंगच्या नळीपासून ती सुटते. नेमके कूलर चालू असतात तेव्हाच अर्थिंग कमजोर! म्हणून जुने वायरमन नळीभोवती कोळसा आणि मीठ घालतात आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतायला सांगतात. ती अंधश्रद्धा नव्हे, भौतिकी आहे.

मुलांनी यात पडावे का?

माझे मत मी आता सरळ मांडतो. दहावी पास होणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला दोन गोष्टी आल्याच पाहिजेत. उपकरणाची पाटी वाचून “हे इथे चालेल का?” याचे उत्तर गणिताने देता आले पाहिजे, आणि तीन पिनांचा प्लग बिनचूक जोडता आला पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की हे वायरमनचे काम आहे, मुलांच्या हाती दिले तर अपघात होतील. आक्षेप रास्त आहे. बारावीतला मी त्याचे जिवंत उदाहरण आहे! पण मला प्लग जोडता येत होता आणि पाटी वाचता येत नव्हती, अपघात त्यामुळे झाला. अर्धे ज्ञान मुले कुठूनतरी मिळवतातच. उरलेले अर्धे शाळेने द्यावे. हे शिकवायला भिंतीतल्या विजेची गरजच नाही. एक सुटा प्लग, हातभर वायर, एक पेचकस आणि बाकावर बसलेले शिक्षक, एवढे पुरते. ब्रिटनमध्ये पूर्वी उपकरणे प्लगशिवाय विकली जात आणि घरोघर लोक प्लग जोडत. तिथल्या शाळांत भौतिकीच्या तासाला ते शिकवले जाई. पुढे १९९४ च्या नियमांनी उपकरणाला प्लग लावूनच विकणे बंधनकारक झाले.

दुसरा आक्षेप असा की आता सगळे चार्जर कोणत्याही दाबावर चालतात, मग हे शिकायचे कशाला? चार्जर चालतात. इस्त्री, गिझर, मिक्सर, कूलर, फ्रीज सहसा चालत नाहीत. आणि चार्जरच्या सवयीनेच माणूस पाटी वाचायचे विसरतो.

आपल्या गावातून शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी जाणारी मुले वाढत आहेत. त्यांच्या सामानात लोणचे, मेतकूट असते, तशीच घरातली एखादी वस्तूही असते. ती वस्तू तिकडे सुखरूप चालावी आणि मागे राहिलेले घरही सुखरूप असावे, एवढीच इच्छा आहे.

शेवटी त्या मिक्सरचे काय झाले? ताईंनी विचारले, “मग तिनं तिकडचाच मिक्सर घ्यावा का?” मी म्हणालो की तिकडचे ब्लेंडर बहुधा पातळ पदार्थांसाठी असतात, आपले कोरडे वाटण त्यांना जड जाते. १९६० च्या दशकात मुंबईत नेमके हेच झाले होते. माधुरी माथुर यांच्या स्वयंपाकघरातला जर्मन मिक्सर बंद पडला, तेव्हा त्यांचे अभियंता पती सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्या वाटणाला पुरेल अशा मोटरचा मिक्सर तयार केला आणि ‘सुमीत’ घरोघर पोचला. आता आपल्याकडच्या काही कंपन्या असेच मिक्सर ११० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठीही बनवतात. तो घ्यावा, असे ठरले. नवा मिक्सर पेटीत भरून दुकानदाराकडे परत गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माझ्या ओळखीच्या वायरमनला घेऊन त्यांच्याकडे गेलो. काड्या काढल्या, नवी तीन तारांची वायर आणि १६ अँपिअरचा प्लग लावला, अर्थिंगचा खड्डा उकरून पाणी ओतले. हिरवी तार मुलीने स्वतः जोडली. वायरमन शेजारी उभा होता आणि मेन स्विच बंद होता, हे वेगळे सांगत नाही.

तुम्हीही या रविवारी एक काम करा. घरातल्या पाच उपकरणांच्या पाट्या वाचा आणि वहीत तक्ता करा : दाब, वारंवारता, वॅट, अँपिअर आणि पिना किती. काहीही उघडू नका, नुसते वाचा. पाटीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह दिसले तर त्या उपकरणाला दुहेरी आवरण आहे, त्याला तिसऱ्या पिनेची गरज नसते. ते चिन्ह नाही, अंग धातूचे आहे आणि तिसरी पिनही नाही, असे काही सापडले तर लगेच घरातल्या मोठ्या माणसांना सांगा आणि वायरमनला बोलावायला लावा. ते टाळाटाळ करतील. तुम्ही पुन्हा सांगा.